लँडिंग लाइट लावला की तेलाचं तापमान का चढतं?

प्रश्न थोडक्यात असा. काचतंतूच्या सांगाड्याचं, घरी बांधलेलं दोन आसनी विमान. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, पॅनेलवर डिजिटल इंजिन मॉनिटर. तक्रारी तीन. लँडिंग लाइट लावला की तेलाचं तापमान १०-१२ अंशांनी वर जातं आणि तेलाचा दाब थोडा उतरतो. रेडिओवर बोलायला बटण दाबलं की इंधनाचे आकडे नाचतात. आणि क्रूझमध्येही (सपाट, स्थिर उड्डाणात) मॉनिटर १३.१ व्होल्टच दाखवतो. सेन्सर बदलू की रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग), असं विचारलं आहे.

सध्या दोन्ही नको. लक्षणं वाचून मला दोन वेगळे दोष दिसतात. पहिली आणि तिसरी तक्रार बहुधा एकाच मुळाची आहे, दुसरी रेडिओची. सुटे भाग मागवण्याआधी मल्टिमीटर घेऊन तासभर बसा, नाहीतर साप म्हणून भुई धोपटणं होईल.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पॅनेलवरचं कुठलंही विद्युत उपकरण जे मोजतं ते स्वतःच्या ग्राउंड पिनच्या संदर्भाने मोजतं. त्याला बॅटरीचं ऋण टोक दिसत नाही, इंजिनाचा क्रँककेस (इंजिनाचं धातूचं मुख्य कवच) दिसत नाही. विमानात जमीन नसते, तरी आपण ‘ग्राउंड’ म्हणतो आणि मग ते सगळीकडे शून्य व्होल्टच असणार असं धरून चालतो. धातूच्या सांगाड्यात ते बऱ्याच अंशी खपून जातं. काचतंतूच्या सांगाड्यात प्रत्येक अँपिअर तारेतूनच परत येतो आणि ज्या तारेतून येतो तिथे व्होल्टेज पडतंच.

आता तुमची पहिली तक्रार आकड्यांत बघू. पॅनेलची ग्राउंडपट्टी १८ गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड) एकाच तारेने फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवरच्या, ठोकळ्याला जोडली आहे आणि तार दीड मीटर आहे असं धरा. १८ गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे २१ मिलिओहम, म्हणजे तारेचे झाले ३१. एखाद्या लगखाली (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली) रंग किंवा ऑक्साइड राहिला असेल तर त्याचे आणखी ४० धरा. ५५ वॉटचा दिवा साधारण ४ अँपिअर घेतो. एकूण ७१ मिलिओहम गुणिले ४ म्हणजे ०.२८ व्होल्ट. दिवा लावताच पॅनेलचा ‘शून्य’ इंजिनाच्या शून्यापेक्षा एवढा वर उचलला जातो.

तेलाच्या तापमानाचा सेन्सर एकाच तारेचा असतो. त्याचं दुसरं टोक म्हणजे त्याची आट्यांची बॉडी, जी थेट इंजिनात बसते. मॉनिटर आतल्या रोधकातून ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती उरतात ते बघतो, ही नेहमीची रचना. सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो, म्हणून कमी व्होल्ट म्हणजे जास्त तापमान. जिथे १ व्होल्ट दिसायला हवा तिथे पॅनेलचा शून्य ०.२८ ने उचलल्यामुळे ०.७८ च दिसतो. तेल गरम असताना एवढा फरक म्हणजे १० अंशांच्या आसपास. तुमचा आकडा आणि हा आकडा जुळतात.

दाबाचं गणित उलट दिशेने त्याच जागी येतं. जुन्या रोधक प्रकारच्या दाब सेन्सरमध्ये, तोही बॉडीतून ग्राउंड होणारा, दाब वाढला की रोध वाढतो. कमी व्होल्ट म्हणजे कमी दाब. म्हणून दिवा लावला की तापमान वर आणि दाब खाली, दोन्ही एकदम. खऱ्या बिघाडात इंजिन जे दाखवेल नेमकं तेच, आणि तेही नेमकं उतरताना. हा दोष ‘थोडा आकडा हलतो, चालतंय’ म्हणून सोडण्यासारखा नाही तो यामुळे. तुमचा दाबाचा सेन्सर नंतरच्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या दोन तारी प्रकाराचा असता तर दाब जागचा हललाच नसता, कारण त्यात मोजमाप करंटचं होतं आणि मधल्या काही दशांश व्होल्टने त्याला फरक पडत नाही. तुमचा हलतो, म्हणजे तो रोधक प्रकारचाच असणार.

मोजायचं कसं

यासाठी इंजिन चालू करायची गरज नाही. हँगरमध्ये, इंजिन बंद, मास्टर (मुख्य स्विच) चालू. पण त्याआधी एक खबरदारी: ९१२ चं इग्निशन तार ग्राउंड केली की बंद होतं, तार तुटली तर चालूच राहतं. इग्निशन स्विच ‘बंद’ असणं म्हणजे इंजिन निर्धोक असणं नव्हे. ग्राउंडच्या तारांशी खेळताना पंखा (प्रोपेलर) चालू इंजिनाचा आहे असंच समजून वागा.

मीटर २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यावर ठेवा. लाल टोक मॉनिटरच्या ग्राउंड पिनवर; कनेक्टर न काढता, मागच्या बाजूने बारीक सुई घालून. काढून मोजलंत तर करंटच थांबतो आणि मोजायला काही उरत नाही. काळं टोक क्रँककेसवरच्या स्वच्छ, रंग नसलेल्या बोल्टवर. आता एकेक भार चालू करा: पंप, स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा), लँडिंग लाइट, रेडिओचं ट्रान्समिट. प्रत्येकाला आकडा किती उडी मारतो ते लिहा. सगळं मिळून १०-२० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पॅनेलचं ग्राउंड चांगलं आहे. ५० च्या वर गेलं तर शोधायला लागा. तुमच्याकडे दोनशेच्या पुढे जाईल असा माझा अंदाज, तेव्हा मीटरचा पुढचा पट्टा घ्या.

मग दिवा चालू ठेवून काळं टोक पायरीपायरीने जवळ आणा. क्रँककेसवरून फायरवॉलच्या ठोकळ्यावर, तिथून पॅनेलच्या तारेच्या लगवर, लगवरून लगेच मागच्या तारेवर, तारेच्या दुसऱ्या टोकावर, मग पॅनेलच्या पट्टीवर. जिथे दोन बिंदूंमध्ये आकडा एकदम खाली येतो तिथे दोष. लग आणि त्याच्याखालची पट्टी यांच्यामध्ये ४ अँपिअरला ५ मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तो जोड उघडाच.

ओहममीटर लावून ‘०.२ ओहम दाखवतो, ठीक आहे’ असं म्हणू नका. साध्या मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध तेवढा असतो आणि तो मोजताना जेमतेम मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो. एकोणीसपैकी एकच काडी शिल्लक असलेली तारही त्या परीक्षेत पास होते. जोड तपासायचा तर त्यातून खरा करंट जात असताना त्याच्यावर पडणारं व्होल्टेज मोजायचं.

दुरुस्ती

फायरवॉलवर एकच मुख्य ग्राउंड ठोकळा असू द्या, पितळी टॅबांचा किंवा तांब्याच्या पट्टीचा. बॅटरीचं ऋण टोक तिथे, क्रँककेसची वेणी (विणलेल्या तांब्याची लवचिक पट्टी) तिथे, रेग्युलेटरची तार तिथे. मॉनिटरचं ग्राउंड पॅनेलपट्टीवर न नेता स्वतःच्या तारेने थेट या ठोकळ्यावर आणा. मॉनिटर अर्धा-एक अँपिअर घेतो, २० गेज पुरते: दीड मीटरला ५० मिलिओहम, म्हणजे ५० मिलिव्होल्टच्या आत, आणि तेही स्थिर. दिवा लावला काय, विझवला काय, हा आकडा हलत नाही. एवढ्या एका तारेने तुमची पहिली तक्रार बहुतेक मिटेल. तरी दिवा, स्ट्रोब आणि पंप यांच्या परतीच्या तारा पॅनेलवर न आणता स्वतंत्रपणे ठोकळ्यावर न्याव्यात, आणि पॅनेलपट्टीची १८ गेजची तार काढून १० गेजची घालावी. तिचा रोध मीटरला ३.३ मिलिओहम, आधीच्या सहाव्या हिश्श्याहून कमी.

स्टेनलेस स्टीलच्या फायरवॉलला वाहक समजू नका. तो आग अडवायला आहे. करंट वाहून न्यायला निकामी. बोल्ट आरपार घाला आणि दोन्ही बाजूंचे लग त्याच बोल्टवर घट्ट बसवा. ॲल्युमिनियमवर लग लावायचा असेल तर लगाएवढीच जागा चकचकीत होईपर्यंत घासायची, लगेच बसवायचं आणि वरून सील करायचं. घासून दुसऱ्या दिवशी बसवलं तर मध्ये ऑक्साइड आलाच. ॲनोडाइझ केलेला भाग कितीही चमकत असला तरी वीज नेत नाही.

क्रँककेसच्या वेणीबद्दल दोन शब्द जास्त. इंजिन रबरी माउंटवर बसतं, म्हणून त्याला बॅटरीशी जोडणारी ही वेणी हाच त्याचा हक्काचा मार्ग. ती तुटली किंवा ढिली झाली की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो आणि त्याला सापडतात थ्रॉटल आणि चोकच्या केबल. आतली पोलादी दोरी तापते, प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि थ्रॉटल अडकतो. दोन वेण्या लावा, दोन वेगळ्या बोल्टांवर, हेलकाव्यासाठी पुरेशी ढील ठेवून. तपासणी सोपी आहे: इग्निशन बंद, माणसं पंख्यापासून लांब, स्टार्टर दोन-तीन सेकंद फिरवताना बॅटरीचं ऋण टोक आणि क्रँककेस यांच्यामध्ये मोजा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वेणी काढून बघा. बरेचदा ती लगाच्या तोंडाशी, जिथून वाकते तिथे, आतून काळी पडलेली असते.

१३.१ व्होल्टचं काय

आता तिसरी तक्रार. मॉनिटर व्होल्टेजही स्वतःच्याच दोन पिनांमध्ये मोजतो. ग्राउंड पाव व्होल्ट वर उचललेलं असेल आणि धन बाजूला मास्टर कॉन्टॅक्टर (मुख्य स्विचने चालणारा रिले), मुख्य फ्यूज, स्विच यांत तेवढंच पडत असेल, तर बॅटरीवर १३.६ असताना पॅनेल १३.१ दाखवेल. म्हणून आधी थेट बॅटरीच्या टोकांवर मोजा. यासाठी इंजिन चालवावं लागेल. मीटरच्या तारा सुरू करण्याआधीच कॉकपिटपर्यंत ओढून, बांधून घ्या, चाकांना अडणी, शेपटी बांधलेली. इंजिन चालू असताना कुणी पुढे वाकून मोजायचं नाही.

रोटॅक्सचा मूळ रेग्युलेटर साधारण १४.२ व्होल्ट धरतो, ०.३ इकडे-तिकडे. ४००० आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.४ मिळाले तर चार्जिंग ठीक आहे, दोष मोजमापाच्या वाटेत. धन बाजूही ग्राउंडसारखीच पायरीपायरीने तपासा. मला सगळ्यात जास्त संशय येतो तो दोन जागांचा: ब्लेड फ्यूजच्या होल्डरमधला ढिला पडलेला क्लिप, आणि स्विचच्या मागे रिव्हेटने बसवलेला टॅब. दोन्ही बोटाला गरम लागतात.

बॅटरीवरही १३.१ च आले तर क्रम असा. रेग्युलेटरच्या दोन पिवळ्या तारांचे स्पेड कनेक्टर काढून बघा. तपकिरी पडलेलं प्लास्टिक किंवा निळसर झालेला टॅब म्हणजे तिथे उष्णता होती. दोन्ही बाजूंचे टर्मिनल नवे घाला, एकच बदलून उपयोग नाही. पिवळ्या तारा आणि क्रँककेस यांच्यात संपर्क असता कामा नये. मीटरने कंटिन्यूइटी (जोड) दाखवली तर जनरेटरची गुंडाळी निकामी झाली. ती तरंगतीच असते, ग्राउंडला कुठेच जोडलेली नसते. मग रेग्युलेटरचं ‘सी’ टर्मिनल, ज्यावरून तो व्होल्टेज बघतो. त्यावर बॅटरीचं व्होल्टेज पोचलं नाही तर हा रेग्युलेटर चार्ज करतच नाही. आणि ‘सी’ जिथून घेतला तिथलंच व्होल्टेज तो १४.२ ला धरतो. ‘सी’ पॅनेलच्या बसवरून (उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीवरून) घेतला असता तर पॅनेलवर १४.२ दिसले असते आणि बॅटरी मात्र १४.७ खात उकळली असती. तुमच्याकडे तसं नाही, म्हणजे एकतर ‘सी’ बॅटरीजवळून घेतला आहे किंवा जनरेटरच अपुरा पडतो आहे.

अपुरा पडणंही शक्य आहे. या इंजिनाचा आतला जनरेटर २५० वॉटचा, तोही पूर्ण आरपीएमला. म्हणजे जेमतेम १८ अँपिअर. टॅक्सी करताना दिवे लावून १३ च्या खाली गेलं तर तो दोष नव्हे, तेवढी वीज त्या वेळी तयारच होत नाही. सतत चालणाऱ्या गोष्टींची बेरीज करा आणि ती ११-१२ अँपिअरच्या आत ठेवा. त्याच्या पुढे रेग्युलेटर तापतो. त्याच्या बॉडीचं तापमान ८० अंशांच्या आत राहायला हवं. इंजिनाच्या बाजूला, एक्झॉस्टच्या वर बसवलेला असेल तर तो उन्हाळा काढणार नाही. हॅलोजनचा दिवा काढून एलईडी लावणं हा इथे सगळ्यात स्वस्त उपाय, फक्त त्याचा ड्रायव्हर रेडिओत घरघर आणत नाही ना ते बसवण्याआधी बघा.

रेग्युलेटरची बॉडी हेच त्याचं ग्राउंड. रंगवलेल्या किंवा काचतंतूच्या पृष्ठभागावर तो नुसता स्क्रूने बसवला तर बॉडी तरंगते. मग त्याला बॅटरीचं व्होल्टेज नीट मोजता येत नाही. म्हणून बोल्टवरून ठोकळ्यापर्यंत १४ गेजची वेगळी तार न्या. आउटपुटला २२,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर असायला हवा. त्याला फ्यूजमागे ठेवा आणि बॉडीला पट्टा बांधा. नुसत्या पायांवर लटकलेला कपॅसिटर कंपनाने पाय तोडतो.

हे सगळं झाल्यावर कमी व्होल्टेजची धोक्याची सूचना १३.० च्या जवळपास लावा. चार्जिंग बंद पडल्याचं लवकर कळतं. आत्ता १३.१ दिसत असल्यामुळे तुम्ही ती बहुधा १२ च्या खाली ठेवली असेल किंवा बंदच केली असेल. शिशाची बॅटरी १२ व्होल्टवर येते तेव्हा ती जवळपास संपलेली असते.

बोलताना नाचणारं इंधन

इथे ग्राउंडला दोष देण्याआधी एक साधी परीक्षा करा. रेडिओच्या मागचा ॲंटेनाचा कनेक्टर काढून तिथे ५० ओहमचा डमी लोड (ॲंटेनाऐवजी रेडिओची शक्ती पचवणारा रोधक) लावा, निदान १० वॉट सोसणारा, आणि बटण दाबा. आकडे तरीही नाचले तर रेडिओचा दोन-तीन अँपिअरचा करंट ग्राउंड हलवतो आहे. वरची दुरुस्ती पुरेल. थांबले तर रेडिओलहरी सेन्सरच्या तारेत शिरत आहेत. मला दुसरं वाटतं, कारण पंखातून येणारी इंधनाची तार लांब असते आणि ॲंटेनाजवळून जाते.

काचतंतूच्या विमानात लहरी आत शिरण्याचं मूळ बहुधा ॲंटेनाखालच्या ग्राउंड प्लेनमध्ये असतं. पाव तरंगलांबीच्या ॲंटेनाला खाली धातू लागतो. तो नसला की कोॲक्सची (रेडिओ आणि ॲंटेना जोडणाऱ्या केबलची) बाहेरची जाळीच ॲंटेनाचा अर्धा भाग बनते आणि पॅनेलपर्यंत लहरी पसरवत येते. १२७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ५९ सेंटिमीटर, प्रत्यक्षात ५६ च्या आसपास. आतल्या बाजूने ॲंटेनाच्या पायाभोवती २५ मिलिमीटर रुंदीच्या तांब्याच्या पट्ट्या चार दिशांना चिकटवा, प्रत्येक एवढ्याच लांबीची, आणि मध्यभागी चारही एका चकतीला डाख देऊन जोडा. ॲंटेनाचे बोल्ट त्या चकतीवर दाबून बसले पाहिजेत. मग एसडब्ल्यूआर (ॲंटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) मोजा: ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये २ च्या खाली उत्तम, ३ च्या वर असेल तर पट्ट्या किंवा कनेक्टर पुन्हा बघा. कार्बनच्या कातडीच्या आत ॲंटेना लपवायचा विचार असेल तर सोडून द्या, कार्बन लहरी अडवतो.

तरी थोडं नाचणं उरलं तर ॲंटेनाच्या बाजूच्या टोकाला कोॲक्सवर व्हीएचएफसाठीचे तीन-चार फेराइट मणी चढवा, आणि इंधनाच्या तारेला मॉनिटरच्या कनेक्टरजवळ सिग्नल आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. पाय जितके आखूड तितकं बरं. ३ सेंटिमीटरचे पाय ठेवले तर तो या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर राहत नाही. सेन्सरच्या तारा आणि कोॲक्स एका जुडग्यात बांधलेले असतील तर सोडवा.

नवे जोड करताना

तार टेफ्झेल आवरणाची वापरा, पीव्हीसी नको. पीव्हीसी जळताना कोंडलेल्या कॉकपिटमध्ये जो धूर करतो तो डोळे उघडू देत नाही. फ्यूज तारेच्या मापाने निवडा, उपकरणाच्या नव्हे: २२ गेजला ५ अँपिअर, २० ला ७, १८ ला १०.

क्रिंप (टर्मिनल तारेवर दाबून केलेला जोड) रॅचेटच्या हत्याराने करा, पूर्ण दाबल्याशिवाय जे उघडत नाही ते. लाल टर्मिनल २२ ते १६ गेजला, निळं १६ ते १४, पिवळं १२ ते १०. तारेच्या काड्या टर्मिनलच्या नळीतून पुढे अर्धा-एक मिलिमीटर दिसल्या पाहिजेत आणि आवरण मागच्या, रुंद भागात शिरलेलं असलं पाहिजे. चांगल्या टर्मिनलमध्ये दोन दाब पडतात, एक धातूवर, एक आवरणावर. दुसराच कंपनापासून तार वाचवतो. पहिले दोन-तीन जोड वाया घालवण्यासाठीच करा आणि ओढून बघा: २२ गेजच्या तारेने सुमारे ७ किलो तरी धरलं पाहिजे, १८ च्या तारेने १७. निसटली तर हत्याराचा साचा चुकला आहे. क्रिंपवर वरून डाख देऊ नका. शिसं काड्यांमधून आवरणाखाली चढतं, तिथे तार कडक होते आणि ती कडक जागा संपते तिथेच एक दिवस तुटते.

इंधनाच्या नळीशी समांतर तार न्यावी लागली तर तार वर, नळी खाली. अंतर १३ मिलिमीटरच्या आत कधीच येऊ देऊ नका, आणि ५० च्या आत असेल तर दोन क्लॅम्प पाठीला पाठ लावून दोघांना एकमेकांपासून पक्कं धरून ठेवा.

सगळं जोडून झाल्यावर मिलिव्होल्टची तीच मोजणी पुन्हा करा, त्याच भारांच्या क्रमाने, आणि आधीच्या आकड्यांशेजारी लॉगबुकात लिहा. पुढच्या वार्षिक तपासणीला तेच आकडे वाढलेले दिसले तर कुठला जोड ढिला पडतोय हे पॅनेलवर काही हलायच्या आधी कळतं.